'घरी न्या, सेवा करा' म्हटल्यानंतर

खानदेशात मौत झाली की गाव पाठ फिरवत नाही. तासाभरात मोबाइलवर फोटोसह निरोप फिरतो, अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता निघणार ते कळतं. मग द्वारदर्शन, दहावा, गंधमुक्ती, उत्तरकार्य. कपाशीची वेचणी असो की केळीची कटाई, माणसं काम टाकून येतात. सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंद रातोरात निघतात. शेजारच्या बाया त्या घरी चूल पेटू देत नाहीत, भाकरी आणि पिठलं त्याच पोचवतात. ही शिस्त मोठी आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

तोच माणूस मरणाआधी दोन-तीन महिने खाटेवर पडून असतो तेव्हा मात्र आपल्याला काय करायचं ते सुचत नाही. आपण भेटायला जातो, खाटेशेजारी बसतो, 'काही होत नाही आप्पा, दिवाळीपर्यंत ठणठणीत व्हाल' असं म्हणतो, चहा घेतो आणि ओट्यावर येऊन मुलाला हळूच विचारतो, 'डॉक्टर काय म्हणे?' आप्पांना आतून सगळं ऐकू येत असतं. त्यांचं दुखणं किती आहे, रात्री झोप लागते का, त्यांना कोणाला भेटायचंय का, यातलं एकही आपण विचारलेलं नसतं.

मला जे म्हणायचंय ते दोन गोष्टींबद्दल आहे आणि त्या एकमेकींशिवाय चालत नाहीत. मरणाऱ्या माणसाशी खरं बोलायला हवं, आणि त्याचं दुखणं कमी करणारं औषध व ते देणारा माणूस त्याच्या घरापर्यंत पोचायला हवा. नुसतं खरं सांगून औषध दिलं नाही तर तो निव्वळ क्रूरपणा. आणि खरं लपवलं तर औषध मागायला कोणी जातच नाही, कारण सगळे अजून 'बरं होण्याची' वाट बघत असतात.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या घराघरांत एक वाक्य ऐकलेलं असतं. मुंबईला टाटाला, नाशिकला, संभाजीनगरला किंवा सुरतेला पेशंट नेलेला असतो. एक दिवस डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात, 'आता घरी न्या, सेवा करा.' डॉक्टर वाईट नसतात, त्यांना खरोखरच दुसरा उपाय दिसत नसतो. मग एक कागद पुढे येतो. त्यावर लिहिलेलं असतं की आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेत आहोत. सल्ला डॉक्टरांचाच असतो आणि सही मुलाची घेतली जाते. त्या सहीबरोबर दवाखान्याचा संबंध संपतो. रात्री दुखणं वाढलं तर कोणती गोळी द्यायची, धाप लागली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, यातलं काही कागदावर नसतं. रुग्णवाहिका ऑक्सिजन लावून कन्नडचा घाट उतरते, माणूस घराच्या ओसरीवर येतो, आणि तिथून पुढचे वीस दिवस, कधी चार महिने, ते घर आणि ते दुखणं, दोघंच समोरासमोर.

माझी पहिली तक्रार या कागदाबद्दल आहे. बरा न होणारा पेशंट घरी जाणं हा दवाखान्याच्या सल्ल्याचाच भाग असेल तर तसं लिहा. आजार काय, तो कुठपर्यंत आलाय, कोणत्या त्रासाला कोणतं औषध, आणि गावाजवळ कोण बघेल, हे एका पानावर मावतं. ते पान नसलं की तालुक्याचा डॉक्टरही हात लावायला कचरतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

सेवा करा म्हणजे काय करा, हे कोणी शिकवत नाही. चोपडा तालुक्यात आमच्या नात्यातले एक काका तोंडाच्या कॅन्सरने गेले. पंचवीस-तीस वर्षं तंबाखू, मग मावा. शेवटी गालाला आरपार जखम झाली होती. तिला वास यायचा. घरातले आधी नाकाला पदर लावायचे, मग खोलीत जाणं कमी झालं, मग नातवंडांना आत सोडणं बंद झालं. काका चेहऱ्यावर रुमाल टाकून भिंतीकडे तोंड करून पडायचे. गावातल्या एका निवृत्त सिस्टरने ते बघितलं, जखम मिठाच्या पाण्याने धुतली आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून त्यात भरायला शिकवलं. जुलाबाला देतात तीच, मेडिकलवर काही रुपयांत मिळणारी गोळी. चार-पाच दिवसांत वास इतका कमी झाला की नातू पुन्हा खाटेवर येऊन बसू लागला. पॅलिएटिव्ह केअर शिकलेल्या कुठल्याही नर्सला हे ठाऊक असतं. आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करायचा, ही त्या शाखेची पहिली पायरी आहे. आमच्या काकांना ती निव्वळ योगायोगाने मिळाली.

त्यांचं दुखणं मात्र थांबलं नाही. रात्री दोनला उठून बसायचे, 'भलतं दुखी ऱ्हायनं' म्हणायचे आणि काकू दिव्याखाली पॅरासिटामॉलचं पाकीट चाचपायच्या. त्या दुखण्यावर औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीची पद्धत १९८६ सालीच सांगितली आणि तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. तोंडाने घ्यायची साधी गोळी, दर चार तासांनी, थोड्या मात्रेपासून सुरू करून दुखणं आटोक्यात येईपर्यंत वाढवत न्यायची. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक द्यायचं. आजारी माणसाला शिकलेल्या हाताने दिलं तर व्यसन लागण्याची शक्यता फारच कमी, आणि योग्य मात्रेत ते आयुष्य कमी करत नाही. धापेवरही त्याचा उपयोग होतो.

या औषधाचा कच्चा माल आपल्याच शेजारी पिकतो. सातपुडा ओलांडून, इंदूरच्या पुढे गेलं की मंदसौर आणि नीमच. तिथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि नीमचला सरकारचाच कारखाना अफूतून औषधी द्रव्यं काढतो. असं असूनही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. एकेका साठ्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. एकाची मुदत सुरू होईपर्यंत दुसऱ्याची संपत असे, आणि चूक झाली तर तुरुंगाची भीती. औषध दुकानदाराने ते ठेवायचं सोडलं, डॉक्टर लिहायचं विसरले, आणि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ते हातात न धरताच पदवी घेतली. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी झाली. अडथळा आता कायद्यात कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे. दवाखान्याने अर्ज करायचा, एका डॉक्टरला प्रशिक्षण द्यायचं, नोंदवही ठेवायची. एवढंच काम आहे, आणि ते न झाल्याने माणसं रात्रभर ओरडत मरतात.

मी कॅन्सरबद्दल जास्त बोलतोय, कारण तो डोळ्यांसमोर असतो. पण चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या बाया आहेत, अर्धांगवायूने दोन-तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत, हृदय आणि मूत्रपिंड थकलेले आहेत. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत, त्यांना हाडं फुटल्यासारखी कळ येते. सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३मध्ये सुरू झालं, तपासण्या होतायत, कार्डं मिळतायत. त्या मुलाच्या कळेचं त्याच रात्री काय करायचं, हाही त्या अभियानाचाच प्रश्न असला पाहिजे.

खाण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त छळ प्रेमापोटी इथेच होतो. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही, गिळण्याची ताकद जाते. घरच्यांना वाटतं, माणूस उपाशी चाललाय. मग 'दोन घास तरी घे, माय' म्हणत वरणाचं पाणी, मोसंबीचा रस चमच्याने तोंडात सोडला जातो, ते श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, छातीत घरघर वाढते. नाही जमलं तर गावातल्या डॉक्टरला बोलावून सलाईन लावायचं. ते पाणी थकलेल्या शरीराला पेलत नाही, हातपाय सुजतात, धाप वाढते. तहान भागवायला कापसाचा बोळा ओला करून ओठ, जीभ पुसत राहणं पुरतं. दर दोन तासांनी कूस बदलून दिली, पाठ कोरडी ठेवली, तर बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, टळतात. जेवण थांबल्यामुळे मरण येत नसतं, मरण जवळ आल्यामुळे जेवण थांबतं. हे एखाद्या सिस्टरने ओसरीवर बसून पंधरा मिनिटं समजावून सांगितलं तर सुनेच्या मनावरचं आयुष्यभराचं ओझं उतरेल. 'सासूबाई उपाशी गेल्या' असं म्हणत राहणाऱ्या किती बाया मी ऐकल्यात.

आता खरं सांगण्याबद्दल. 'त्यांना सांगू नका, खचून जातील' हे मी इतक्या घरांत ऐकलंय की तो आपल्याकडचा नियमच म्हणावा लागेल. फाईल कपाटाच्या मागे जाते, गाठीला सूज म्हणतात, टाटाच्या फेऱ्यांना 'मोठी तपासणी'. यामागे माया आहे, ती मी नाकारत नाही. पण आजारी माणूस मूर्ख नसतो. त्याचं वजन त्याला दिसतं, त्याच्यासमोर बोलणं बदलतं ते त्याला कळतं. त्याला कळलंय हे घरच्यांना कळतं, आणि तरी दोघं एकमेकांसमोर नाटक करत राहतात. ज्याला शेवटी सगळ्यात जास्त सोबत लागते तो भरल्या घरात एकटा पडतो.

यात नुसत्या भावनेचा प्रश्न नाही. आपल्याकडे घर शेतीवर उभं असतं. सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत, सोसायटीचं कर्ज किती, कोणाला हातउसने दिलेत, बँकेत नॉमिनी कोण, हे बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतं. त्याला 'तुम्ही बरे होणार' सांगत राहिलं तर तो बायकोला हे सांगणार कधी? नंतर ती विधवा तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी फिरते आणि दीर म्हणतात, 'दादांनी आम्हाला वेगळं सांगितलं होतं.' दादांना कोणी बोलू दिलं असतं तर त्यांनी सगळ्यांसमोर एकदाच सांगितलं असतं. ज्या मुलीशी लग्नावरून अबोला धरला तिला बोलवायचं असतं, कोणाची माफी मागायची असते, मुक्ताईच्या दर्शनाला एकदा जायचं असतं. वेळ थोडा आहे हे कळलं तरच माणूस अशी कामं पुढे घेतो.

खरं सांगायचं म्हणजे रिपोर्ट तोंडावर फेकायचा असं नाही. आधी विचारायचं. 'तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय? तुम्हाला काय वाटतं? आणखी जाणून घ्यायचंय का?' कोणी म्हणेल, 'नको, पोराला सांगा.' तोही त्याचा हक्क आहे. पण कोणी म्हणेल, 'माले खरं सांग, मी मरी जासू का?' आणि त्या क्षणी खोटं बोललं की त्या घरात पुढे खरं बोलायला जागा उरत नाही. 'हो माय, आजार आता बरा होणार नाही. पण दुखू देणार नाही, आणि आम्ही इथेच आहोत.' असं म्हणायला धीर लागतो, आणि 'दुखू देणार नाही' हे वचन पाळायला हाताशी औषध लागतं.

मरणाबद्दल बोलणं या मातीला परकं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी ते लिहून घेत. मरणाचं स्मरण टाळू नये, हे विनोबांनी त्या कैद्यांसमोर सांगितलं. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२मध्ये, त्यांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या तरी ते बदलले नाहीत आणि १५ नोव्हेंबरला गेले. जळगाव-धुळ्याच्या जैन घरांत संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत, ही जुनी वाट आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५च्या ऑगस्टमध्ये तिला गुन्हा ठरवलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सगळ्यांनी हेच करावं असं मी म्हणत नाही. 'आता पुरे' म्हणणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यायची रीत आपल्याकडे होती, ती व्हेंटिलेटर आल्यावर आपण विसरलो.

कायदाही आता या बाजूने आहे, आणि इथे गोंधळ फार. डॉक्टरने इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हाच आहे. पण जे यंत्र मरण फक्त लांबवतंय ते न लावणं किंवा काढणं, याला ठरावीक पद्धतीने परवानगी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेतन पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिलं दार किलकिलं केलं. ९ मार्च २०१८ला घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली. ती पद्धत फार किचकट होती, म्हणून २४ जानेवारी २०२३ला सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. निर्णयाची वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं बघतात आणि शक्यतो ४८ तासांत मत देतात. शुद्धीवर असतानाच हे लिहून ठेवलं आणि मुलांना वाचून दाखवलं, तर आयसीयूच्या दाराशी मुलगा एकटा पडत नाही. नाहीतर त्याला वाटतं, नाही म्हणालो तर गाव म्हणेल, बापाच्या जिवापेक्षा पैसा मोठा केला. मग शेत गहाण पडतं, आणि बाप काचेपलीकडे नळ्यांत बांधलेला जातो, मुलाचा हातही हातात न येता.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात आजही पेशंट झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो. जिथे लोक साध्या उपचाराअभावी मरतात तिथे 'उपचार थांबवा, शांतपणे मरू द्या' म्हणणं म्हणजे गरिबाला आणखी लवकर ढकलणं नाही का? आणि ज्या म्हातारीचा भार झालाय तिच्या पोरांना हे निमित्तच मिळणार नाही का? ही भीती खरी आहे. म्हणूनच पॅलिएटिव्ह केअर हा उपचाराला पर्याय म्हणून आणता कामा नये. ती आजाराच्या निदानापासून उपचाराबरोबर सुरू व्हावी, आणि बरा होऊ शकणारा माणूस फक्त पैशाअभावी तिच्याकडे वळवला जाऊ नये. पण झोळीतून खाली आणलेला आणि 'आता उशीर झाला' म्हणून त्याच झोळीतून परत पाठवलेला माणूसही आहे. त्याला मॉर्फिन नाकारून आपण कोणती समता राखतो? म्हातारीचंही तसंच. तिच्या घरी दर आठवड्याला नर्स येऊन जात असेल तर तिची हेळसांड कोणीतरी बघणारं असेल. आज ती बंद दाराआड होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना अशी सेवा लागते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना मिळते. केरळने मात्र करून दाखवलंय. १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी छोटा दवाखाना काढला. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावातलेच लोक शिकून स्वयंसेवक झाले. शेजारी कोण खाटेवर आहे ते शोधायचं, आठवड्यातून काही तास द्यायचे, दुकानात डबे ठेवून रुपया-दोन रुपये जमवायचे. २००८मध्ये राज्याने धोरण केलं आणि ग्रामपंचायती नर्स ठेवून घरोघरी सेवा देऊ लागल्या. पैसा आणि मोठी इमारत असल्याने हे झालं नाही, शेजाऱ्यांनी अंगावर घेतलं म्हणून झालं. आमच्याकडे शेजारी कमी नाहीत. गणेश मंडळासाठी वर्गणी काढणारी पोरं आहेत, कानबाईला रात्रभर जागणाऱ्या बाया आहेत, भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत. मौतीला जे तीनशे लोक येतात त्यातल्या दहांनी दोन महिने आधी पाळी लावली, कोणी रात्री बसलं, कोणी कूस बदलायला हात दिला, कोणी सुनेला दुपारी दोन तास झोपू दिलं, तर त्या घराचं निम्मं दुखणं हलकं होईल.

सरकारी बाजूही कोऱ्या पाटीवर नाही. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२पासून आहे. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, ज्या बारा सेवा द्यायच्या त्यात वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. धुळ्याचं वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, जळगावचं २०१८ला आणि नंदुरबारचं २०२०ला सुरू झालं. आशाताईला गावात कोण खाटेवर आहे ते नावानिशी माहीत असतं. कमी आहे ती या सगळ्यांना जोडणारी मागणी, आणि मागणी यायला लोकांनी आधी हा विषय ओट्यावर काढावा लागेल.

सुरुवात कोणालाही करता येईल. जिल्हा रुग्णालयाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये. विचारा की संस्थेने मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घेतली आहे का, गेल्या वर्षी त्याच्या किती गोळ्या पेशंटला दिल्या, किती डॉक्टर आणि नर्सना पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण मिळालं, आणि घरी पाठवलेल्या बऱ्या न होणाऱ्या पेशंटकडे नंतर कोण जातं. उत्तर आलं की ते ग्रामसभेत वाचा.